फुगली तर हमी नाही

२ जानेवारी

ही डायरी फुकट मिळाली म्हणून लिहितोय. विकत घेऊन लिहावं असं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. अकोल्याच्या नितेशभाऊंनी नव्या वर्षाची भेट म्हणून पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'ऊर्जामित्र बॅटरी: विश्वास हीच आमची शक्ती.' म्हणजे वर मी काहीही लिहिलं तरी खाली विश्वास राहणारच.

तर पहिली नोंद. मी शेखर, वय शेहेचाळीस, राजापेठेतल्या श्रीकृपा कॉम्प्युटर्सचा मालक. आजपासून ऊर्जामित्रचा अमरावती शहरातला अधिकृत विक्रेता. लोकांच्या लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. कंपनीची नवी मागवली तर पंधरा दिवस थांबा आणि किंमत ऐकून खुर्ची शोधा. ऊर्जामित्र निम्म्या भावात आणि उद्याच्या उद्या. खोक्यावर छापलंय, 'ओरिजिनलसारखीच ओरिजिनल'.

हमी सहा महिन्यांची आहे. हमीपत्राच्या मागे मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, की बॅटरी फुगली, तापली, गळली किंवा जळली तर हमी लागू नाही. म्हणजे बॅटरी ठणठणीत राहिली तरच बदलून मिळेल. इतका स्वच्छ व्यवहार हल्ली बघायला मिळत नाही.

बायकोला, हर्षाला दाखवलं. ती म्हणाली, "मंग हमी कायची हाये?" बायकांना धंद्यातलं कळत नाही.

५ जानेवारी

दुकानात माझ्याखेरीज एकच माणूस आहे, धर्मपाल. वय अठ्ठावन्न. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता लॅपटॉप. बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि बावीस वर्षांत त्याला एकही वस्तू पसंत पडलेली नाही.

आज त्यानं ऊर्जामित्रची कोरी करकरीत बॅटरी टेबलावर घेऊन तिची काळी टेप सोलली. विचारलं नाही, पुसलं नाही.

"शेखरभाऊ, हे पाहा. वरतं चोवीस साल लिवलं हाये. टेप काढली तं खाली अठरा साल निंगालं. जुन्या बॅटऱ्यायले नवं लुगडं नेसवलं हाये."

"बरं मग?"

"अन् हे वायर पाहा. बॅटरी तापली का इनं सांगाले पायजे, का चार्जिंग बंद करा. हे कुठीसाच जोडेल नाही. नुसती चिकटोली हाये."

मी म्हटलं, "धर्मपालभाऊ, बाईचं अन् बॅटरीचं वय विचारू नये." तो हसला नाही. त्याला विनोदाचंही मीटर लावून बघायची सवय आहे. सोललेली बॅटरी त्यानं दुकानामागच्या वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली, जसं काही तिला सुतक लागलंय. विकण्याजोगा माल वाया. मी मोठ्या मनानं काही बोललो नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांतीला सत्याताईकडे जाऊन आलो. ताईचं गाव दर्यापूरच्या पुढे, जीपनं अर्धा तास. जीप पंधरा माणसांची सोय करते आणि नऊ माणसांची जागा देते.

भाची दामिनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, ऑनलाइन क्लास लावलाय. मामानं काहीतरी द्यायला हवं म्हणून एक वापरलेला पण चकचकीत लॅपटॉप नेला, आत नवी ऊर्जामित्र घालून. सगळ्या गावानं बघितला. जाहिरातीची जाहिरात, मामाचा मामा.

भगवंत भाऊजींनी यंदाचा सगळा कापूस अजून घरात ठेवलाय. भाव वाढेल म्हणून. आमच्याकडे शेतकरी भावाची वाट अशी बघतो की घरातली माणसं अंगणात आणि कापूस बैठकीत. बैठक खिडकीपर्यंत पांढरीशुभ्र भरली आहे. टीव्ही अर्धा बुडालाय. दामिनीनं त्या ढिगात खड्डा करून अभ्यासाची जागा केली आहे, शांत लागते म्हणाली.

"मामा, लॅपटॉप कुठी ठेवू? टेबल तं कापसाखाली गेला."

मी म्हटलं, "कापसावरच ठेव. गादी आहे. धक्का लागत नाही, पडायची भीती नाही. रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेव, म्हणजे लाईट गेली तरी क्लास चुकणार नाही."

भाऊजी म्हणाले, "जाणकार माणूस घरात पायजे बाप्पा."

परत येताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण असं वर्षातून एकदाच वाटतं.

३ फेब्रुवारी

माल उडतोय. जानेवारीत बत्तीस गेल्या. धर्मपाल प्रत्येक गिऱ्हाईकाला बॅटरी बसवून देताना हळूच म्हणतो, "उशीवर नका ठेवू, गरम लागली का मले फोन करजा." वर आपला नंबर देतो. दुकानाचा नाही, आपला! मी ऐकलं. बोललो नाही. मोठं मन.

आणखी एक. आता त्याला दर रविवारी पूर्ण सुट्टी पाहिजे. बावीस वर्षं रविवारी अर्धा दिवस यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, "काम हाये." अठ्ठावन्नाव्या वर्षी रविवारचं काम काय असतं, देव जाणे.

१९ फेब्रुवारी

आज फार हसलो. कॅम्पातले मोतीराम सर आले, निवृत्त गणित शिक्षक. पिशवीतून लॅपटॉपची बॅटरी काढली, आपलीच ऊर्जामित्र. फुगून पुरी झालेली.

सरांच्या लॅपटॉपचा कळफलक आठ दिवसांपूर्वी वर यायला लागला. सरांनी मागचे स्क्रू काढले, बॅटरी बाहेर घेतली आणि ती सपाट करण्यासाठी स्वयंपाकघरातल्या पाट्याखाली ठेवली. मसाला वाटायचा दगडी पाटा. वर वरवंटा, वरवंट्यावर गव्हाचा डबा. चार दिवस.

"खाली बसली का सर?"

"एका बाजूनं बसली, दुसरीकून निंगाली. घनफळ कायम राहते शेखर, आकार बदलते."

मी हसून हसून स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. धर्मपाल मात्र हसला नाही. त्यानं सरांच्या हातातून ती बॅटरी अशी घेतली, जसं तान्हं बाळ घ्यावं, आणि मागे बादलीकडे पळाला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मी पळताना प्रथमच बघितलं. परत येऊन तो म्हणाला,

"सर, पाट्याखाली फुटून पेटली असती तं घर जाते. वाळूत आग पसरत नाही."

सर गोरेमोरे झाले. गिऱ्हाईकासमोर असं बोलतात का? हमीपत्राच्या मागची बाजू मी सरांना वाचून दाखवली. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे तं उदाहरणच चुकीचं हाये." नवीन बॅटरी न घेता गेले.

२ मार्च

अकोला. पहाटेची एसटी, मूर्तिजापूरला चहा, दहाला नितेशभाऊंच्या ऑफिसात. एक-दोन तक्रारी होत्या, म्हटलं समक्ष बोलू. नितेशभाऊ वयानं माझ्याहून दहानं लहान असतील, पण बोलायला बसले की आपणच लहान वाटतो. आधी कचोरी, मग दुसरी कचोरी, मग ताक, मग तक्रार.

"शेखरभाऊ, गिऱ्हाईक वापरते कसं हे पाहा ना तुमी. अमरावतीचं ऊन, कुलरचं पाणी, चोवीस तास चार्जिंग. माणूस नाही टिकत तं बॅटरी कायची टिकते?"

पटण्यासारखं होतं. मग गोदाम दाखवलं. पंधरा-वीस बाया खाली बसून काम करत होत्या. एकीजवळ जुन्या बॅटऱ्यांचा ढीग, ती ब्लेडनं लेबल खरवडायची. दुसरी हेअर ड्रायरनं गरम करून काळी टेप लावायची. तिसरी ऊर्जामित्रचं स्टिकर. इतकं शिस्तशीर पॅकिंग मी पाहिलं नव्हतं.

"जुन्या बॅटऱ्या कशाला?" मी विचारलं.

"तपासणीसाठी," नितेशभाऊ म्हणाले. मग लगेच फोन आला त्यांना.

जाता जाता त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी संपली तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून दुसरी काढली. कंपनीची, अस्सल, सीलबंद. मी म्हटलं, "आपली नाही लावत?" ते म्हणाले, "आपली विकाले पुरत नाही हो!" किती त्यागी माणूस. स्वतःच्या तोंडचा घास गिऱ्हाईकाला.

१२ मार्च

तक्रारी बंद. गेल्या तीन आठवड्यांत एकही माणूस फुगलेली बॅटरी घेऊन दुकानात आला नाही. मी म्हणत होतोच, माल चांगला आहे, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. नितेशभाऊंना फोन करून सांगितलं की अमरावतीत तक्रार शून्य. ते इतके खूश झाले की थोडा वेळ बोलायलाच तयार नव्हते, नंतर म्हणाले, "शून्य? खरंच?"

एप्रिलमध्ये विदर्भातल्या पाच उत्कृष्ट विक्रेत्यांना सेमाडोहला दोन दिवसांची सहल आहे. जंगल, सफारी, सत्कार. त्यात माझं नाव.

१७ मार्च

आज धर्मपालला काढून टाकलं.

गेले कित्येक दिवस त्याचा मोबाईल दुकानात सारखा वाजतो. तो बाहेर जाऊन हळू बोलतो. आज मी दाराआड उभा राहिलो. "हो ताई, रविवारी येतो. तवरोक चार्जिंगले लावू नका. दुसऱ्या कोणाले दाखवू नका, मीच येऊन पाहतो."

आत येऊन बघतो तर आपल्या बिलबुकातल्या जुन्या कार्बन प्रती काढून वहीत उतरवून घेत होता. नाव, पत्ता, फोन. सगळी गिऱ्हाईकं. माझी!

मग सगळं लख्ख दिसलं. रविवारची सुट्टी, स्वतःचा नंबर, माझ्या मालाची बदनामी. साहेब स्वतःचं दुकान काढतायत. घरचा भेदी लंकादहन.

मी म्हटलं, "काय चाललंय हे?"

तो म्हणाला, "बॅटऱ्यायचं हाये." एवढंच. खुलासा करायलाही तोंड नाही.

मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका. त्यानं वही खिशात घातली, पेचकस पुसून माझ्या खणात ठेवला, मागची वाळूची बादली उचलून सायकलीला अडकवली आणि गेला. बादली दुकानाची होती. जाऊ दे म्हटलं. बावीस वर्षांच्या नोकरीला एक बादली.

हर्षा रात्री जेवताना म्हणाली, "तुमी त्यायले एकदा धड विचारलं तरी का?" मी म्हटलं, चोराला विचारून चोरी पकडतात का? ती म्हणाली, "चोरानं वाळूची बादली काहून नेली असंन?" बायकांचं लक्ष नको तिथे जातं.

३० मार्च

गुढीपाडवा. दुकानात एकटाच. फुकटची शांतता आहे. धर्मपाल असताना वाद घालायला तरी कोणी होतं, असं मनात आलं, ते इथे लिहून मोकळा होतो.

५ एप्रिल, सेमाडोह

सेमाडोहला मोबाईलला रेंज नाही. नितेशभाऊंना हे फार आवडलेलं दिसतंय. सकाळी सफारीत वाघ दिसला नाही, रानगवा दिसला, त्यानंही आमच्याकडे बघून तोंड फिरवलं. दुपारी बारा वाजता सत्कार. मला शाल आणि पितळी ढाल, 'तक्रारमुक्त विक्रेता'.

जेवायला शेजारी वाशिमचे बुधाजी बसले. जाड, हसरे, तीस वर्षं या धंद्यात. भाकर मोडता मोडता म्हणाले,

"माह्या दुकानात तं परवा होळी झाली बाप्पा."

"होळी?"

"ऊर्जामित्र चार्जिंगले लावून जेवाले गेलो. आलो तं काउंटर पेटेल. पह्यले धूर, मंग फुस्स, मंग भडका. पाणी टाकलं तरी भडके. जवळ नुसतं रद्दीचं पोतं होतं म्हणून भागलं. तुमच्या इकडे काहीच नाही? शून्य? मोठे नशीबवान राजेहो."

मी म्हटलं, "मग विकता कशाला?"

"विकतो. पण घरच्या कोणाले देली नाही. तुमी नाही ना देली घरी कोणाले?"

मी म्हटलं, नाही. घास तोंडात होता.

कापूस. खिडकीपर्यंत कापूस. आणि त्याच्या मधोमध खड्ड्यात दामिनी. रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेव, असं मीच सांगितलं होतं. मीच, जाणकार माणूस.

मी उठलो तेव्हा नितेशभाऊ माइकवरून म्हणत होते, "शेखरभाऊ दोन शब्द बोलतीन." मला रेंज पाहिजे होती. सेमाडोहमध्ये कुठेच नव्हती. जंगल खात्याच्या माणसानं सांगितलं, घाटात एका वळणावर कधी कधी एक काडी येते. दीडची परतवाड्याची बस मिळाली. वळण आलं, काडी आली नाही.

हे परतवाड्याच्या स्टँडवर लिहितोय. इथे रेंज आहे. ताईला अकरा फोन केले. वाजतो, कोणी उचलत नाही. दामिनीचा बंद. भाऊजींचा बंद. मला भीती वाटतेय. इथे गंमत करायला काही सुचत नाही.

६ एप्रिल

काल जे झालं ते लिहितो. हसणाऱ्यानं हसावं, मी हसण्याच्या पलीकडे गेलोय.

परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मग जीप. जीपवाल्याला म्हटलं लवकर चल, तो म्हणाला दोन सवाऱ्या राहिल्या. मी म्हटलं त्या दोघांचे पैसे मी देतो. तरी तो थांबला, कारण दोन सवाऱ्या खरंच यायच्या होत्या.

साडेपाचला ताईच्या दारात. अंगणात कोणी नाही. बैठकीला कुलूप. खिडकी बंद. फटीतून बघितलं, कापूस तसाच. दाराखालून चार्जरची वायर आत गेलेली, बाहेरच्या बोर्डात लावलेली, बटण चालू. मी ती वायर उपटली. आत काय पेटतंय, वास येतोय की नाही, काही कळेना. नाकाला भीतीचाच वास येत होता.

मग मी दगड उचलला आणि कुलूप फोडायला लागलो.

शेजारच्या तानुबाई बाहेर आल्या. ऐंशी वर्षांच्या. "कोण हाये रे? चोर का पाहुना?"

"मामा आहे, दामिनीचा!"

"मंग कुलूप कायले फोडतं? सारे रिद्धपूरले गेले दर्शनाले. दिवे लागणीले येतीन."

रिद्धपूरला गेले! म्हणून फोन उचलत नव्हते. माणसं वाचली. पण घर? अख्ख्या वर्षाचा कापूस. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. तोवर अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. कोणी थांबवलं नाही. आमच्याकडे नात्यातल्या माणसाला भर दिवसा कुलूप फोडताना बघून लोक विचारात पडतात, आणि विचार पूर्ण होईपर्यंत उभे राहतात.

मी कापसात शिरलो. नाकातोंडात कापूस. दामिनीचा खड्डा सापडला. लॅपटॉप होता. हात लावला, थंडगार. उलटा केला, स्क्रू काढले. माझ्या खिशात पेचकस असतोच.

आत बॅटरीच नव्हती. रिकामी जागा. तिथे कागदाची चिठ्ठी, पेनानं लिहिलेली: 'बॅटरी काढली. फक्त चार्जरवर चालवा. धर्मपाल, ९ मार्च.'

मी कापसात बसून राहिलो. बाहेर तानुबाई लोकांना सांगत होत्या, "रडून राहिला वाटते."

अंधार पडायच्या आत सगळे आले. भाऊजी तुटक्या कुलपाकडे बघत होते, ताई माझ्याकडे.

दामिनी म्हणाली, "मामा, धर्मपालकाका एका रविवारी आलते ना. म्हणाले, शेखरभाऊनं पाठवलं, माल खराब निंगाला, भाऊ साऱ्यायच्या घरी माणूस पाठवून राहिले. तुमाले माईत नाही?"

ताई म्हणाली, "गावभर सांगतलं मी, का माहा भाऊ असा हाये म्हणून. चूक झाली तं घरपोच निस्तरते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. मीच पाठवलं. काढली का नीट, ते बघायला आलो."

भाऊजी म्हणाले, "मंग कुलूप?"

मी म्हटलं, नवीन घेऊन देतो.

८ एप्रिल

बडनेरा रस्त्याला धर्मपालचं घर. बावीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. अंगणात लिंबाच्या झाडाखाली आमची ती बादली आणि शेजारी आणखी दोन, वाळूनं भरलेल्या. प्रत्येकीत ऊर्जामित्र, ओळीनं पुरलेल्या. धर्मपालभाऊ कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते.

मी उभाच होतो. ते म्हणाले, "बसा."

मी बसलो. म्हटलं, "माझं चुकलं. मी तुम्हाला चोर समजलो." एवढं बोलायला मला सव्वा मिनिट लागलं असेल.

ते मिक्सरमध्ये बघत म्हणाले, "समजले तं समजले."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं. जानेवारीत टेप सोलून सांगतलं. सरायच्या वेळी सांगतलं. तुमी हसून राहिले. मंग म्हटलं, यायले सांगण्यात रविवार घालवण्यापरीस लोकायकडे जावं."

"पण सगळीकडे माझं नाव का घेतलं? मी तर पाठवलं नव्हतं."

"मंग कोणाचं घेऊ? बिल तुमच्या नावाचं होतं."

तक्रारी का बंद झाल्या, तेही आता कळलं. तक्रार माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच ते सायकल घेऊन पोचत होते. माझ्या 'तक्रारमुक्त' ढालीवर खरं तर त्यांच्या सायकलीचं नाव पाहिजे.

मी म्हटलं, दुकानात परत या. ते म्हणाले, "नाही." राग नव्हता आवाजात. राग असता तर समजूत घालता आली असती. मग त्यांनी खिशातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. एकसष्ट नावं. चव्वेचाळीसवर बरोबरची खूण.

"सतरा राहिले. गुडघा दुखून राहिला माहा, सायकल होत नाही. फोन करून चार्जिंग बंद ठेवाले सांगतलं हाये साऱ्यायले, पण लोक आयकत नाहीत."

वही घेतली. ढाल आज एसटीच्या पार्सलनं अकोल्याला परत पाठवली. उरलेली खोकीही. नितेशभाऊंचा फोन आला, "काय झालं शेखरभाऊ, गैरसमज झाला का?" मी म्हटलं, "नाही. समज झाला." आणि ठेवला.

९ एप्रिल

ताईला फोन करून खरं सांगितलं. मी पाठवलं नव्हतं, मी तर त्या माणसाला काढून टाकलं होतं, आणि कापसावर ठेव असं मीच म्हणालो होतो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले माईत होतं."

"कसं?"

"पाठवणारा माणूस कुलूप फोडते का रे, शेखर?"

भाऊजींना सांगू का, विचारलं. म्हणाली, त्यायले कापूस विकल्यावर सांगजो.

१३ एप्रिल

रविवार. दुकान बंद ठेवलं. वही, पेचकस आणि वाळूची एक लहान बादली स्कूटरच्या पुढे. हर्षानं बादलीत हात घालून वाळू कोरडी आहे का बघितली. मग दारापर्यंत आली.

पहिलं नाव साईनगरातल्या रुख्मिणीबाईंचं. पाळणाघर चालवतात. मुलांना चित्रं, गाणी दाखवायला लॅपटॉप. माझ्याकडूनच जानेवारीत बॅटरी घेतली, बिलावर माझी सही. बेल वाजवली. आतून पोरांचा कल्ला. दाराची साखळी तशीच ठेवून बाई फटीतून बोलल्या.

"कोण?"

"मी शेखर. श्रीकृपा कॉम्प्युटर्सचा. बॅटरी काढायला आलोय, खराब आहे."

"धर्मपालभाऊ येनार होते."

"त्यांनीच पाठवलं. त्यांचा गुडघा दुखतो."

बाईंनी मला खालीवर बघितलं. माझी सही असलेलं बिल त्यांच्या घरात होतं, पण माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काही कारण दिसत नव्हतं. "थांबा," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"भाऊ, एक माणूस आला हाये. शेखर म्हणते. तुमी पाठवलं म्हणते. आत घेऊ का?"

मी उन्हात उभा. तिकडून ते बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. बाई नुसतं "हं… हं…" करत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. बावीस वर्षं त्या माणसाच्या बोलण्याकडे मी कान दिला नव्हता. आज त्यातला एक शब्द कानावर पडावा म्हणून दाराला टेकून उभा होतो.

शेवटी बाईंनी फोन खाली घेतला आणि साखळी काढली.

काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. लॅपटॉप पोरांच्या चटईवर होता, चार्जिंगला लावलेला, भोवती सहा पोरं. बॅटरी फुगली होती. काढली, वाळूत ठेवली. वहीत खूण करून पुढच्या पत्त्यावर निघालो.